बकवध, ब्राह्मणाच्या लेकीच्या तोंडून: कादंबरीच्या आराखड्यावर चर्चा

अंजनीकाठ
एकचक्रेच्या बकवधावर कादंबरीचा आराखडा करतोय. पांडव ज्या घरात उतरले त्या ब्राह्मणाची मुलगी ही गोष्ट सांगते. महाभारतात तिला नाव नाही, नेमकं वय नाही, आणि बक मेल्यावर ती पुन्हा कुठे दिसत नाही. खानदेशातल्या एरंडोलला आपण एकचक्रानगरी मानतो, पांडववाडा आणि पद्मालयाजवळचं भीमकुंड दाखवतो, म्हणून मुलूख आपलाच घेणार आहे.

सध्या चार भाग आहेत. परके लोक घरी राहायला येतात; बकाकडे अन्न आणि माणूस पाठवायची पाळी या घरावर येते, घरातलं रडणं आणि कुंतीचा शब्द; भीम-बक युद्ध, दोन प्रकरणं; मग गावचा उत्सव आणि पांडवांचं जाणं.

अडचणी अशा: युद्ध मुलगी बघणार कशी? तिला मागोमाग नेऊन झाडावर लपवली तर खोटं वाटतं. गाडाभर अन्न एका ओळीत उरकावं का? आणि संवाद अहिराणीत ठेवावेत का? जाणकारांनी स्पष्ट सांगावं, हातचं राखू नये.

मूळसंहिता
भाऊ, आराखडा बाजूला ठेवून आधी आदिपर्वाचे अध्याय १४५ ते १५२ सलग वाचा. भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती घ्या. सुकथनकरांनी संपादित केलेलं आदिपर्व १९३३ सालचं आहे. वगळलेले श्लोक तळटीपांत आहेत, तेही नजरेखालून घाला. कीर्तनातला बकासुर डोक्यात ठेवून लिहायला बसलात तर या घरातली माणसं हातातून निसटतील.

तुमच्या कामाचं तिथे काय आहे ते सांगतो.

बाप सुरुवातीलाच आईला दोष देतो. मी आधीच हा गाव सोडायचं म्हणत होतो, तू ऐकलं नाहीस. इथेच जन्मले, इथेच वाढले, बाप इथे आहे, असं म्हणालीस. आता तुझे आईबाप स्वर्गवासी होऊन किती काळ लोटला, नातेवाईकही उरले नाहीत, तरी इथे कसली गोडी? म्हणजे या घरात जुनं भांडण आहे आणि मुलगी ते ऐकत वाढली आहे. तुमचा पहिला भाग इथून उघडतो. पांडवांच्या येण्यापासून सुरू केलात तर कादंबरी पाहुण्यांची होईल.

मग आई म्हणते, मी जाते. विधवेकडे लोक कसे बघतात ते ती फार कठोर शब्दांत सांगते: जमिनीवर टाकलेल्या मांसावर पक्षी झेपावतात तसे. शिवाय तिचा एक हिशेब आहे. स्त्री अवध्य म्हणतात, तेव्हा राक्षस कदाचित मला सोडेल.

मग मुलगी बोलते. तिचा मुद्दा असा की धर्माने मला तुम्ही कधीतरी देऊनच टाकणार आहात, यात शंका नाही. मग आत्ताच टाका आणि माझ्या एकटीच्या बळावर सगळं वाचवा. ‘त्यक्तव्यां मां परित्यज्य त्रातं सर्वं मयैकया.’ पुढे तीच म्हणते की पुत्र म्हणजे आपला आत्मा, बायको म्हणजे सखा, आणि मुलगी म्हणजे संकट. हे तिने कुणाकडून ऐकलं असेल? कादंबरीभर याचा शोध घेता येईल.

शेवटी लहान भाऊ हातात गवताची काडी घेऊन बोबड्या बोलात म्हणतो, हिने मी त्या राक्षसाला मारतो. एवढ्या दुःखात सगळे हसतात, आणि नेमकी तेव्हा कुंती आत येते. हा क्रम बदलू नका. काडी आधी आणली तर रडण्याचा जोर जातो, कुंतीनंतर आणली तर तिला अर्थच उरत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं: कुणाला काय माहीत आहे. पाहुणे जटा-वल्कलं घालून, वेद म्हणत, भिक्षा मागत राहतात. त्या घराला ते ब्राह्मण वाटतात. म्हणजे मुलीच्या निवेदनात ‘पांडव’, ‘भीम’, ‘कुंती’ हे शब्द येऊच शकत नाहीत. ‘हस्तिनापूर’ आलं तरी पाहुण्यांच्या संबंधात नको. ती त्यांना काय म्हणेल? ती म्हातारी, थोरला, तो दांडगा, धाकटे दोघे. मसुदा झाला की ही नावं शोधून काढा आणि प्रत्येक ठिकाणी वाक्य नव्याने लिहा. नुसतं नाव काढून सर्वनाम घातलं तर वाक्याला अजून सगळं ठाऊक असल्याचा वास राहतो.

चूलवैल
गाडाभर अन्नाबद्दल. अंजनीकाठ भाऊ, तुमच्या कादंबरीचा कणा हाच आहे, आणि तुम्ही तो एका ओळीत उरकायला निघालात.

बकाचं वेतन संहितेत ठरलेलं आहे: गाडाभर साळीच्या तांदळाचं भोजन, दोन रेडे, आणि ते घेऊन जाणारा माणूस. भीम तिथे पोचल्यावर तेच अन्न खायला बसतो, म्हणजे शिजवलेलं होतं. आता हिशेब करा.

कच्च्या वाटेवर दोन जनावरांच्या गाडीत सात क्विंटल धरा. एक किलो तांदळाचा भात अडीच ते तीन किलो होतो. म्हणजे कोरडा तांदूळ साधारण अडीच क्विंटल. आपल्याकडे भंडाऱ्याला मोठे पितळी हंडे असतात. या घरात मातीची मडकी. मोठ्या मडक्यात चार किलोच्या वर तांदूळ घातला तर खाली करपतो आणि वर कच्चा राहतो. साठ-पासष्ट मडकी झाली. पाणी नुसतं शिजवायला पाचशे लिटर, बारा-पंधरा लिटरच्या घागरीने पस्तीस-चाळीस खेपा, धुणं वेगळं. दहा चुली एकदम पेटवल्या तरी सहा-सात फेऱ्या.

आणि वेळ किती? कुंतीचं आणि ब्राह्मणाचं बोलणं ज्या दिवशी झालं त्याच्या दुसऱ्या सकाळी भीम अन्न घेऊन निघतो. एक रात्र. दोन बायका आणि एक मुलगी एवढ्यात हे होत नाही. शेजारच्या आळीने मडकी दिली, पाणी भरलं, चुली मांडल्या. म्हणजे ज्या शेजाऱ्यांनी पुढे उत्सव केला त्यांनीच आदल्या रात्री एका माणसाला पाठवायचा भात शिजवला, आणि मनात म्हणाले असतील, या वेळी आपण नाही. मुलगी त्यांचे चेहरे बघते.

त्याच्याही आधीचं बघा. अडीच क्विंटल तांदळाला जवळजवळ चार क्विंटल भात कांडावा लागतो. दोन बायका दिवसभर मुसळ घालतील तर फार तर ३० किलो. आठ-नऊ दिवस. पाळी ठरलेली, तारीख ठाऊक, म्हणजे घरात आठवडाभर मुसळाचा आवाज चालू आहे. पाहुण्या म्हातारीने तो ऐकला असणार, तरी तिला रडणं ऐकू येईपर्यंत कारण माहीत नाही. तिला काय वाटलं असेल? मुलगी असलेल्या घरात एवढं कांडण चाललंय म्हणजे लग्न काढलंय. तिने मुलीला तसं विचारलंही असेल, आणि मुलीने मान हलवली असेल. तुमचा पहिला भाग असा भरतो.

गाडी भरण्यातही चुका होतात, त्या लिहा. गरम भात ढीग करून भरला तर मधली वाफ कोंडते, खालचा थर लगदा होतो आणि उन्हाळ्यात दुपारपर्यंत आंबतो. चटयांवर पसरून निववावा लागतो. गाडीच्या तळाला पळसाची किंवा केळीची पानं, मध्ये पानांचे थर, वर ओलं कापड. आंबलेलं अन्न गेलं तर राक्षस चिडेल, ही भीती त्या रात्रीला खरी करते.

गिरणाथडी
चूलवैल अक्कांच्या हिशेबात मुलखाचं एक जोडतो. आपल्याकडे साळ सगळीकडे पिकत नाही. नवापूर, अक्कलकुवा, साक्रीचा पश्चिम भाग, तिकडे भातशेती; एरंडोलची काळी जमीन वेगळी. म्हणजे कादंबरी इथे घडवलीत तर साळ दुरून आणावी लागेल, बदल्यात काहीतरी द्यावं लागेल. गरीब घराला पाळी आधीच अर्धं बुडवते. हे तुमच्या फायद्याचं आहे, वापरा.

स्थळाबद्दल मात्र सावध राहा. पांडव एकचक्रेला येण्याआधी मत्स्य, त्रिगर्त, पांचाल, कीचक या देशांमधून फिरले असं संहिता सांगते. ही नावं उत्तरेकडची. बंगालात बीरभूमला एकचक्रा आहे, बिहारात आरा तोच मान सांगतं. म्हणून प्रस्तावनेत ‘हेच ते गाव’ असा दावा नको. मुलीच्या तोंडी गावाचं नाव ‘एकचक्रा’ एवढंच ठेवा आणि नदी, जमीन, डोंगर, झाडं आपली द्या. इथला वाचक ओळखेल, बाहेरच्याला अडणार नाही.

अंतर: एरंडोलहून पद्मालय दहाएक किलोमीटर, शेवटी चढ. भरलेल्या गाडीला रेडे ताशी अडीच-तीन किलोमीटरच्या वर चालत नाहीत, उन्हात पाणी दिसलं की बसतात. पहाटे निघाले तर पोचायला चार तास. पावसाळा घेऊ नका, काळ्या मातीत भरलेली गाडी आसापर्यंत रुतेल; घेतलात तर तो प्रसंगच लिहावा लागेल. माघ-फाल्गुन बरा. पळस फुललेला, पानं मात्र गळालेली. म्हणजे तळाला पळसाऐवजी केळीची पानं घ्या.

मेथीगोटा
छोटी पण नेहमी राहणारी गोष्ट: मिरची, मका, भुईमूग, टोमॅटो, बटाटा यातलं काही नको. ही सगळी अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या काळात आली. आपल्याकडचं कुठलंही स्वयंपाकघर लिहिताना हात आपोआप तिखटाच्या डब्याकडे जातो. वांगं इथलंच आहे, भरीत खुशाल करा, तिखटपणा मिरी-पिंपळीचा. उडीद, मूग, तीळ चालतील.

अंजनीकाठ
अक्का, कांडणाचं फार मोलाचं सांगितलंत. पहिला भाग नव्याने मांडतो. पण युद्धाचं काय? वाचक बकवध म्हणून पुस्तक उघडेल आणि वधच नसेल तर फसवल्यासारखं वाटणार नाही का? भाताचा ढीग खाताना भीमाच्या पाठीवर राक्षस दोन्ही हातांनी मारतो आणि हा खातच राहतो, उठताना आचमन करतो, मग फेकलेलं झाड डाव्या हाताने झेलतो. एवढा प्रसंग सोडवत नाही.

मूळसंहिता
सोडा. तो प्रसंग व्यासांनी लिहिलाय, मराठीत शंभर वेळा सांगून झालाय. तुमच्या मुलीला तो दिसत नाही, आणि तिला न दिसणं हेच तुमच्याकडे नवं आहे.

तिला काय दिसतं ते बघा. गाडी जाते. मग दिवसभर काहीच नाही. ज्याच्या जागी तिचा बाप, आई, किंवा ती स्वतः गेली असती तो गेलाय, आणि घर जिवंत आहे. त्याची आई त्याच घरात बसली आहे. मुलीने तिला पाणी द्यायचं की नाही? थोरला भाऊ आदल्या संध्याकाळी भिक्षेहून परतल्यावर आईला बोलला होता, परक्यासाठी पोटचा पोर का धाडतेस म्हणून. संहितेत ते एकांतातलं बोलणं आहे, पण पडवीतला आवाज कानावर पडू शकतो, शब्द नाही पडले तरी. युद्धाची दोन प्रकरणं काढा आणि ही दुपार तेवढीच लांब लिहा.

मग तो परत येतो. संहितेत भीम राक्षसाचं धूड नगराच्या दाराशी टाकून, कुणाच्या नजरेस न पडता घरी येतो. दुसऱ्या सकाळी लोक ते बघतात, बाया, म्हातारी, पोरं सगळे धावतात. मुलीने बक पहिल्यांदा बघायचा तो असा, मेलेला, गर्दीत, उजेडात. राक्षस कसा दिसत होता हे वर्णन तिथेच, एकदाच.

त्यानंतरचा श्लोक तुम्ही वाचून पुढे गेला असाल: लोक मोजायला लागतात की आज पाळी कुणाची होती. आनंदाच्या आधी हिशेब! मोजत मोजत ते हिच्या दारात येतात. आणि बाप सांगतो, एका मंत्रसिद्ध ब्राह्मणाने आम्हाला रडताना पाहिलं, धीर दिला आणि अन्न घेऊन तो गेला. कुंतीने आधीच बजावलं होतं की हे कुणाला सांगू नका, विद्येसाठी लोक माझ्या मुलांना छळतील. बाप खोटं बोलत नाही आणि खरंही सांगत नाही. मुलगी बाजूला उभी आहे, तिला माहीत आहे की तो दांडगा आत झोपलाय. वाचकाला जो थरार हवा तो इथे आहे.

पांझरा
मला मुळातच एक शंका आहे. ही मुलगी खरंच सगळ्यात दुर्लक्षित आहे का? तिला निदान एक पूर्ण भाषण आहे. ब्राह्मण कुंतीला सांगताना म्हणतो, कुठून माणूस विकत घ्यावा तर माझ्याकडे तेवढं धन नाही. म्हणजे ज्यांच्याकडे होतं ते माणूस विकत घेऊन पाठवत होते! इतकी वर्षं पाळ्या चालल्या, त्यात किती घरांनी आपला माणूस पाठवला आणि किती घरांनी विकत घेतलेला? त्या विकत गेलेल्या माणसाला संहितेत अर्धी ओळ आहे. कादंबरी त्याची व्हायला हवी.

याच्या थोडंच आधी लाक्षागृहात एक निषादी, म्हणजे निषाद जमातीची बाई, आपल्या पाच मुलांसह जळून मेली, आणि ते सहा देह पांडवांचे म्हणून खपले. त्याच कुंतीने इथे आपला मुलगा दुसऱ्याच्या जागी पाठवला. हे दोन प्रसंग एकमेकांशेजारी ठेवल्याशिवाय ही गोष्ट पूर्ण कशी म्हणायची?

चूलवैल
पांझरा दादा, मुद्दा पटतो, पण त्याची कादंबरी वेगळी. अर्ध्या ओळीवर सगळं रचावं लागेल, आणि मग ती कथा पुन्हा सांगणं राहत नाही, नवीच होते. ती कुणीतरी जरूर लिहावी. इथे मात्र तो माणूस मुलीच्या नजरेतून आणता येतो. शेजारच्या सधन घराची पाळी मागे कधी आली तेव्हा एक परका माणूस त्यांच्या ओसरीवर दोन दिवस जेवताना तिने पाहिला असेल. लहानपणी त्याचा अर्थ कळला नसेल. यंदा भात कांडताना कळतो. असं एक प्रकरण पुरे. दोन केलीत तर ती त्याची वकील वाटेल.

मूळसंहिता
निषादीबद्दल मात्र मी ठाम आहे. मुलीला लाक्षागृह ठाऊक नाही, म्हणून पुस्तकात त्याचा उल्लेख नको, सूचकही नको. ‘म्हातारीच्या डोळ्यांत कुठली तरी जुनी आग होती’ अशी वाक्यं लिहायचा मोह होतो. असल्या वाक्यात मुलगी गप्प होते आणि लेखक बोलायला लागतो. म्हातारी ‘तेषामेको गमिष्यति’, माझ्या पाचांतला एक जाईल, असं चटकन म्हणते एवढं जसंच्या तसं ठेवा. ज्याला मागची गोष्ट माहीत आहे त्याला ते वाक्य वेगळं ऐकू येईल. पांझरा दादांना हवं ते शेजारी ठेवणं वाचकाच्या डोक्यात होऊ द्या.

बोलीभाषा
अहिराणीबद्दल. चुकीची वाट म्हणजे ब्राह्मणाचं घर प्रमाण मराठीत आणि पाणकी, गाडीवान अहिराणीत. त्याने बोली खालची ठरते. योग्य वाट दोनांपैकी एक. एक तर निवेदनासकट सगळं अहिराणीत. धाडसाचं आहे, वाचक कमी मिळतील, पण पुस्तक एकसंध होईल. नाही तर निवेदन प्रमाण मराठीत आणि घरातले सगळेच, बाप, आई, मुलगी, शेजारी, एकमेकांशी अहिराणीत. पाहुण्यांशी बोलताना मात्र जपून, वेगळ्या वळणाचं. पाहुणे परके आहेत हे त्यातून न सांगता कळतं, आणि दांडग्याने पुढे एखादा शब्द उचलला की जवळीक कळते.

अवघड जागा आईबापाच्या लांब भाषणांची. मुळात ती धर्मशास्त्राच्या थाटाची आहेत. तशीच बोलीत ओतली तर कीर्तन होईल. तोडा. बाप आईला ‘तू ऐकलं नाहीस’ अशा अर्थाचं बोलीत एवढंच म्हणेल, बाकी मुलगी निवेदनात सांगेल, कारण तिने ते शंभरदा ऐकलंय. ‘आंडेर’, ‘आंडोर’, ‘माय’ असे शब्द संदर्भात कळतात, तळटीप नको. आणि गावाप्रमाणे बोली ठरवा: एरंडोल-धुळ्याकडची अहिराणी आणि भुसावळ-यावलकडची लेवा बोली एका तोंडी मिसळू देऊ नका.

अंजनीकाठ
दुसरी वाट घेतो. युद्धाची प्रकरणं काढली. आता शेवट. उत्सवावर थांबावं, की पाहुण्यांच्या जाण्यावर?

गिरणाथडी
उत्सवावर नको. बक मेला तरी त्या मुलखाचा, वेत्रकीयगृहात राहणारा कुचकामी राजा तसाच आहे, आणि बकाचे नातेवाईकही. भीमाने त्यांच्याकडून फक्त कबूल करून घेतलं की माणसं मारणार नाही. गावाला हे माहीत नाही. उत्सवात संपवलंत तर गावाचाच समज खरा ठरतो.

मूळसंहिता
उत्सवानंतर त्याच घरात एक ब्राह्मण उतरायला येतो आणि द्रौपदीच्या जन्माची, तिच्या स्वयंवराची बातमी सांगतो. पाहुणे ऐकतात, मुलगीही ऐकतच असणार, घर तिचं आहे. एक मुलगी यज्ञातून जन्मली आणि तिला जिंकायला राजे जमणार, हे ‘मुलगी म्हणजे संकट’ म्हणणाऱ्या हिने ऐकायचं. तिथे तिची प्रतिक्रिया लांबवू नका, दोन-तीन वाक्यं बस.

मग कुंती म्हणते, इथे फार दिवस राहिलो, तीच रानं पुन्हा बघून मन रमत नाही, आणि भिक्षाही पूर्वीसारखी मिळत नाही. हे शेवटचं नीट वाचा. ज्यांनी गाव वाचवलं त्यांनाच गावात भिक्षा कमी पडायला लागली, कारण गावाला माहीतच नाही कुणी वाचवलं. ते माहीत असलेली चारच माणसं, आणि त्यांतली एक तुमची निवेदक. ती काय करते? मापटंभर तांदूळ जास्त घालते? बापाकडे हट्ट धरते की खरं सांगा? शेवटच्या भागाची कृती इथून निघते. त्यानंतर ते ब्राह्मणाचा निरोप घेऊन निघतात, निरोप संहितेत आहे, चोरून जाणं नाही. ते कोण होते हे तिला शेवटपर्यंत कळू देऊ नका.

चूलवैल
आणि तिचं लग्न पुस्तकात लावून टाकू नका. पण स्थळ येऊ द्या. आता खरंच लग्नासाठी भात कांडायचा आहे, आणि कोठारात साळ उरलेली नाही. बापाला ती उसनी आणावी लागणार. ज्याच्या ओसरीवर परका माणूस जेवला होता त्याच घराकडून आणू द्या.

अंजनीकाठ
घेतलं. पहिली तीन प्रकरणं झाली की इथेच टाकतो. गिरणाथडी भाऊ, नवापूरकडची साळ इकडे यायची तर घाटातून बैलांच्या पाठीवर की गाडीने, तेवढं जमलं तर सांगा. दुसऱ्या प्रकरणात ती घरी पोचायची आहे.

गिरणाथडी
डोंगरातून पाठीवर, गोण्या दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या, बैलामागे ७०-८० किलोच्या वर नको. सपाटीला लागल्यावर गाडी. चार क्विंटलला पाच-सहा बैल धरा. वाटेत रात्री गोण्या जमिनीला टेकवू नका, खाली ओंडके घाला. ओल लागली की भात कांडताना तुटतो आणि कणीच जास्त निघते.